तार असावी कीं नसावी ?

सकाळीं सातच्या सुमारास तळेगांव स्टेशनच्या फलाटावर आपण उभे राहिलांत, तर पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहणारीं शेंदीडशें माणसें आपणांस दिसतील, आणि त्यांतील निम्म्याअधिकांच्या कानांत कांहीं ना कांहीं खोंचलेलें आढळेल. कोणाच्या कानांतून दोन बारीक तारा निघून हनुवटीखालीं एकत्र होतात व खिशांत अदृश्य होतात. कोणाच्या कानांत नुसता एक पांढरा दाणा दिसतो. तारेचा पत्ताच नसतो. हे दाणेवाले गृहस्थ प्रथम प्रथम स्वतःशींच मोठ्यानें बोलतांना पाहून मीं एकदां त्यांची मनांतल्या मनांत कींव केली होती. ते घरच्या मंडळींशीं वांग्यांच्या भावाविषयीं बोलत होते, हें मागाहून ध्यानांत आलें.

ह्या विषयाकडे मी वळलों तो माझ्या पुतण्यामुळें. तो चाकणच्या कारखानदारी वसाहतींत पत्र्याला दाब देऊन आकार देणाऱ्या यंत्रांवर काम करतो. तळेगांवाहून इंदुरीवरून चाकणला जाणारी कंपनीची बस हाच त्याचा काय तो विसावा. गेल्या दिवाळीपूर्वीं तो मजकडे आला व म्हणाला, "काका, तारेचा हेडफोन तीन वेळां तुटला. आतां बिनतारी घेऊं ना ?" माझी उभी हयात टेलिफोन खात्यांत तारा जोडण्यांत गेली, तेव्हां मी तारेचा कैवारी असणार हें उघडच आहे, आणि हा माझा पक्षपात आपण आरंभींच लक्षांत ठेवावा. तरीहि मीं त्याला लगेच उत्तर दिलें नाहीं. तार हिसकून टाकण्यापूर्वीं ती काय काय कामें करीत होती याचा हिशेब मांडावा, असें मला वाटलें.

कानाला श्रवणयंत्र लावण्याची चाल टेलिफोनच्या कचेऱ्यांतून निघाली. दोन्ही कानांवर नीट बसणारा हेडफोन अमेरिकेंतील नाथानिएल बाल्डविन नामक गृहस्थानें तयार केला, व १९१० सालीं तेथील आरमारानें त्याची मागणी नोंदविली. म्हणजे बिनतारी संदेश ऐकावयास आरंभापासून तारेचेंच यंत्र लागलें ! आपल्या पुणें जिल्ह्यांतील गंमत तर याहून मोठी आहे. १९२७ सालीं खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशीं बिनतारी दळणवळण सुरू झालें; पण तीं केंद्रें मुंबईच्या कचेरीशीं जोडलेलीं होतीं तीं तारांनींच. त्याच वर्षीं जुलै महिन्याच्या २३ तारखेस मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॉट होती. त्या काळच्या स्फटिकाच्या संचाला विजेची किंवा बॅटरीची गरज नसे. आकाशांतील लहरींतून एरिअलला जी काय चिमूटभर शक्ति मिळे तीच तारेवाटे हेडफोनांत जाई, व तेवढ्यानें कानाजवळचा पडदा हाले. घरांत ऐकणारे चार आणि हेडफोन एक, अशी अडचण पडली तर तो एखाद्या रिकाम्या भांड्यांत ठेवीत, म्हणजे आवाज थोडा घुमे.

तारेच्या हेडफोनाची आजची रचना अशी. एक लहानसें लोहचुंबक, त्याच्या फटींत बारीक तारेचें वेटोळें व वेटोळ्याला चिकटलेला पडदा. फोनमधून येणारा विद्युत्प्रवाह जसजसा कमीजास्त होतो तसतसें वेटोळें पुढेंमागें हालतें, आणि हवेंत ध्वनि उठतो. त्याला निराळें खाद्य लागत नाहीं. फोनच त्याला कांहीं सहस्रांश वॉट एवढी शक्ति पुरवितो. दहा वर्षें पेटींत पडून राहिलेला चांगला हेडफोन काढून जोडला तर तो तत्काळ बोलूं लागतो. फोनला गोल भोंकच नसेल तर एक लहान जोडतुकडा मध्यें घालावा लागतो, एवढेंच. त्याचें दुखणें बहुधा एकाच जागीं असतें : खिळीच्या तोंडाशीं तार वारंवार वांकून आंतले धागे तुटतात. डाग देणारा कारागीर असेल तर तेवढा भाग कापून नवी खिळी बसवितां येते. असा कारागीर आतां शोधावा लागतो, हेंहि खरें.

आतां बिनतारी दाण्याकडे वळूं. त्याच्या पोटांतहि चुंबक, वेटोळें आणि पडदा आहेतच. परंतु तार काढल्याबरोबर तिचें काम करण्यासाठीं त्या पांचसहा ग्रॅमच्या जिवांत एक रेडिओचा संच, आंकड्यांचा पुन्हां ध्वनि करणारें गणितयंत्र, आवाज वाढविणारें यंत्र आणि एक बॅटरी, एवढा संसार मांडावा लागतो. फोन व दाणा यांच्यामधील ह्या व्यवहारास ब्लूटूथ म्हणतात. हें नांव दहाव्या शतकांतील एका डॅनिश राजाच्या उपनांवावरून आलें आहे. ह्या लहरींची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर. त्याच पट्ट्यांत घरोघरचें वायफायहि चालतें. सबब गर्दींत आपला संदेश दुसऱ्याच्या संदेशांत मिसळूं नये म्हणून हीं यंत्रें एकाच मार्गावर स्थिर राहत नाहींत. मूळ पद्धतींत ७९ मार्ग आखलेले आहेत, व त्यांवरून सेकंदाला १,६०० उड्या मारीत संदेश जातो. पाणी ह्या लहरींना शोषून घेतें, आणि मनुष्याचा देह म्हणजे पुष्कळसें पाणीच. म्हणून फोन मागच्या खिशांत असला म्हणजे कधीं कधीं गाणें मध्येंच अडखळतें.

ह्या पद्धतीनें ध्वनीची पुडी बांधावयास, पाठवावयास व सोडावयास वेळ लागतो. यंत्रायंत्रांत फरक असतो, पण साध्या यंत्रांत तो सेकंदाच्या पंचमांशाच्या आसपास भरतो. तळेगांव हें नांवाप्रमाणें तळ्याचें गांव. एखाद्या तळ्याच्या पैलतीरीं कोणी कपडे आपटीत असतां हात खालीं येतो तो आधीं दिसतो व आवाज मागाहून येतो, हें आपण पाहिलें असेल. सुमारें सत्तर मीटरांवरून येणाऱ्या आवाजाला जेवढा उशीर लागतो, तेवढाच उशीर हा दाणा आपल्या कानांतल्या कानांत करतो. नुसतें गाणें ऐकणाऱ्यास त्याची बाधा नाहीं. चित्रपट पाहतांना पुष्कळ फोन चित्रालाच तेवढें थांबवून मेळ घालतात. परंतु फोनच्या पडद्यावर पेटी वाजविण्याचा प्रयत्न करून पाहावा. बोट दाबलें जातें आतां आणि सूर उमटतो मग. माझ्या एका संगीतप्रेमी शेजाऱ्यांनीं ह्याच कारणासाठीं बिनतारी यंत्र आठ दिवसांत मुलाला देऊन टाकलें. ध्वनीच्या शुद्धतेविषयीं लोक हिरिरीनें वाद घालतात. तबकडीवरील ध्वनि सेकंदास १,४११ किलोबिट मागतो, आणि ब्लूटूथची सर्वसाधारण पुडी तीनशें अठ्ठावीसच्या आंत बांधलेली असते, हें खरें. पण खडखडणाऱ्या लोकलमध्यें बसून हा भेद ओळखूं पाहणें म्हणजे मंडईंत उभें राहून अत्तराची परीक्षा करणें होय. त्या वादांत मला रस नाहीं.

बॅटरीचें मात्र तसें नाहीं. दाण्यांतील लिथियमची घटिका शेंगदाण्याएवढी. ती रोज भरावी, रोज रिती करावी, असें कांहीं शें वेळां झालें कीं तिची धारणा कमी होऊं लागते. पहिल्या वर्षीं पांच तास चालणारा दाणा तिसऱ्या वर्षीं दोन तासांत मान टाकतो. बहुतेक दाणे चिकटवून बंद केलेले असल्यामुळें बॅटरी बदलण्याची सोय नसते. चुंबक उत्तम, पडदा उत्तम, पण सर्वच टाकून द्यावें लागतें. आणि तेंहि केराच्या टोपलींत टाकूं नये, कारण लिथियमची घटिका चेपली गेल्यास पेट घेते. तुटलेली तार सांधतां येते. मेलेला दाणा जिवंत करणारा मला अद्याप भेटलेला नाहीं.

तारेचें आणखी एक काम आहे, आणि रेडिओच्या श्रोत्यांस तरी तें ठाऊक असावें. पुण्याची विविधभारती १०१ मेगाहर्ट्झवर ऐकूं येते. ह्या लहरीची लांबी सुमारें तीन मीटर. तिला पकडावयास तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास तार पुरते. पुष्कळ फोनांत रेडिओचा ग्राहक बसविलेला असतो. परंतु फोनच्या पोटांत एवढें लांब एरिअल मावणार कोठून? तेव्हां हेडफोनची तारच एरिअल म्हणून वापरण्याची युक्ति योजिली गेली. म्हणूनच रेडिओ लावूं गेल्यास "हेडफोन जोडा" असा हुकूम फोन सोडतो. बिनतारी दाणा जोडून तो हुकूम पाळला जात नाहीं. आपण म्हणाल, आकाशवाणी आतां इंटरनेटवरूनहि ऐकूं येते. येते, पण तें इंटरनेट चालू असतें तोंवर. मावळांतील पावसांत वीज जाऊन मोबाइलचे मनोरे मुके झाले म्हणजे काय उरतें ? ह्याच हेतूनें २०२३ सालीं केंद्र सरकारनें फोन बनविणाऱ्यांस रेडिओची सोय बंद ठेवूं नये अशी सूचना काढली होती.

एवढा हिशेब मीं पुतण्याला ऐकविला. तो म्हणाला, "काका, हें सर्व पटतें. पण बसमध्यें तारेचा आवाज पुरत नाहीं. शेवटच्या रेघेपर्यंत वाढवावा लागतो." आणि मग सहज बोलल्यासारखें पुढें म्हणाला, "शिवाय रात्रीं निजल्यावर कानांत रातकिडे बोलतात."

तार आणि बिनतार हा वाद माझ्यापुरता तेथेंच संपला. दिवसाचे आठ तास यंत्रांच्या धडाक्यांत घालवावयाचे, कारखान्यानें दिलेल्या बुच्या कानांत न घालतां खिशांत ठेवावयाच्या, आणि विसाव्याच्या दीड तासांत बसच्या आवाजावर मात करण्यासाठीं गाणें त्याहून मोठें करावयाचें, असा त्याचा क्रम होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ मनुष्यानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. हें माप चमत्कारिक आहे. तीन डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते, व वेळ निम्म्यावर आणावा लागतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पांच, आणि ९२ झाले म्हणजे आठवड्याला अवघे अडीच तास ! गाणें गोड आहे म्हणून कानांतील सूक्ष्म केसपेशी सवलत देत नाहींत. आणि त्या एकदां मेल्या म्हणजे मनुष्यास पुन्हां उगवत नाहींत.

मीं त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं बंद खोलींत बसवून निरनिराळे स्वर ऐकविले व कागदावर आलेख काढला. रेघ बरीचशी सरळ होती, पण ४,००० कंपनांच्या जागीं तिला खळगा पडला होता. गोंगाटाची इजा आधीं तेथेंच दिसते. अशा मनुष्यास आवाज ऐकूं येतो, पण 'स', 'थ', 'फ' अशीं नाजूक अक्षरें गळतात. आणि तो समजतो कीं समोरचाच मनुष्य पुटपुटतो आहे. पुतण्या हसून म्हणाला, "म्हणजे ही अस्पष्ट बोलते असें मी म्हणत होतों तें—" आणि सूनबाईंकडे पाहून वाक्य अर्धेंच सोडून दिलें.

म्हणून विकत घेतांना पाहावयाचें तें हें, कीं कानांत काय कसें बसतें. कडक प्लॅस्टिकचा, कानाच्या तोंडाशीं नुसता टेंकणारा हेडफोन, तारेचा असो वा नसो, लोकलमध्यें व बसमध्यें सर्वांत वाईट. कारण बाहेरचा गोंगाट आंत येतो व मनुष्य चक्र फिरवीत जातो. मऊ रबरी टोपणाचा, कानाच्या मापाचा हेडफोन गोंगाट बाहेर थोपवितो, मग थोड्या आवाजांत भागतें. बिनतारी दाण्यांच्या पक्षाची खरी बाजू येथें आहे. त्यांतील कांहींत बाहेरचा गोंगाट मायक्रोफोननें टिपून त्याच्या नेमक्या उलट लहरी कानांत सोडण्याची योजना असते. दोन लहरी परस्परांस खातात. पाउल लुएग नांवाच्या जर्मन संशोधकानें ह्या कल्पनेचें अमेरिकन पेटंट १९३६ सालींच मिळविलें होतें. बसच्या इंजिनाची एकसारखी घरघर ह्यानें चांगली दबते. यंत्राचा अकस्मात् ठोका दबत नाहीं. तेव्हां कारखान्यांत बुचीच्या ऐवजीं दाणे घालूं म्हणणें धोक्याचें आहे. तशीच फिरत्या यंत्राजवळ लोंबती तारहि धोक्याची. रूळ ओलांडतांना तर दोन्ही सारखींच घातक. थांबणारी लोकल हळू येते, परंतु न थांबणारी मेल कानांत गाणें असतां अंगावर येईपर्यंत कळत नाहीं.

शेवटीं पुतण्यानें गोंगाट दाबणारे बिनतारी दाणेच घेतले. टेलिफोनवाल्या काकाचा पराभव झाला म्हणाना. मात्र फोनमध्यें आवाजाची कमाल मर्यादा बांधून घेतली, आणि बुच्या आतां खिशांतून कानांत आल्या आहेत. जुना तारेचा हेडफोन मीं डाग देऊन सांधून दिला. तो खुंटीवर असतो. मध्यंतरीं एका रात्रीं वीज गेली, फोनला इंटरनेट नाहीं, तेव्हां त्यानें तो काढला व तार खिडकीच्या गजावर टांगून पुणें केंद्र लावलें. एक कान त्याच्याकडे, दुसरा सूनबाईंकडे. रातकिडे अजून पूर्ण गेलेले नाहींत. डॉक्टरांनीं सहा महिन्यांनीं पुन्हां आलेख काढावयास बोलाविलें आहे.