शरीराच्या दिशा

तापीच्या डाव्या तीरावर सुरत वसले आहे आणि उजव्या तीरावर रांदेर. आपण कोणत्याही काठावर, कोणत्याही दिशेस तोंड करून उभे राहिलो तरी ही नावे पालटत नाहीत. तीराचे डावे-उजवे पाहणाऱ्यावरून नव्हे, तर नदीच्या प्रवाहावरून ठरते. शरीररचनाशास्त्रातील दिशांचे मर्म नेमके हेच आहे. तेथे डावे-उजवे नेहमी रुग्णाचे असते, वैद्याचे नव्हे.

परंतु रुग्ण कधी उताणा असतो, तर कधी कुशीवर. म्हणून शास्त्राने एक प्रमाण स्थिती कल्पिली आहे : मनुष्य ताठ उभा, दृष्टी समोर, हात बाजूंस आणि तळवे पुढे वळविलेले. या स्थितीत मस्तकाकडील भाग तो ऊर्ध्व, पायांकडील तो अधःस्थ; पोटाकडील तो अग्र, पाठीकडील तो पश्च; मध्यरेषेकडील तो अभिमध्य आणि तिच्यापासून दूरचा तो पार्श्व. हातापायांत धडाजवळचा भाग समीपस्थ, तर लांबचा दूरस्थ. हात डोक्यावर उंच धरला तरी मनगट कोपराहून दूरस्थच राहते.

चतुष्पादांच्या बाबतीत मात्र हे शब्द अपुरे पडतात. ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरत पाहिली आणि येथील प्राण्यांच्या रुग्णालयाचे वर्णन लिहून ठेवले. अशा ठिकाणी गाईची 'वरची' बाजू म्हणजे मस्तक समजावे की पाठ? हा संभ्रम टाळण्यासाठी पशुवैद्यक शीर्षाकडील, पुच्छाकडील, पृष्ठीय व उदरीय अशा संज्ञा वापरते. मनुष्यातील ऊर्ध्वमहानीला ही शीर वाहते तशीच, पण गाईत ती शीर्षाकडील महानीला म्हणून ओळखली जाते. मानवी शरीरासाठी १८९५ मध्ये बाझेल येथे प्रमाण नामावली संमत झाली. पशुवैद्यकाची आंतरराष्ट्रीय नामावली १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. डोळे, गुडघे, मूत्रपिंडे हे अवयव जोडीने असतात; एका शब्दाच्या गफलतीने निरोगी अवयवावर शस्त्र चालू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसृत केलेल्या तपासणी-सूचीत भूल देण्यापूर्वी शस्त्रक्रियेची जागा रुग्णाकडून पक्की करून घ्यावी आणि तेथे खूण केलेली आहे ना, हे पाहावे, असे सांगितले आहे. आपल्यापैकी कोणावर तसा प्रसंग आला, तर 'या बाजूला' एवढेच न म्हणता त्या अवयवावर हात ठेवून 'माझा डावा' किंवा 'माझा उजवा' असे स्पष्ट सांगावे. शरीर आपले, म्हणून दिशाही आपलीच.