आधी गाडीत घाला!

ग्रामीण रुग्णालयाच्या दारात हे वाक्य ऐकू आलं नाही असा आठवडा जात नाही: “डॉक्टर, इथं टाइमपास नको, आधी गाडीत घाला!” बोलणारा काळजीपोटीच बोलतो. जमलेले चार-सहा जण मान डोलावतात आणि कुणीतरी गाडी काढायला धावतो. सावंतवाडी-कुडाळकडे याचंच रूप म्हणजे ‘बांबोळीला न्या’. तिथलं गोवा मेडिकल कॉलेज सिंधुदुर्गाचा मोठाच आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सलाईन लावायला गेलेली दहा मिनिटं फुकट गेली असं वाटतं आणि रस्त्यावरचा तास-दीड तास मात्र उपचारात जमा धरला जातो, हा हिशेब कुठला?

धावत्या गाडीत करता येण्यासारखं फार थोडं असतं. आतड्याला पीळ पडून पोट टम्म फुगलेला रुग्ण घ्या. निघण्याआधी नाकातून रायल्स ट्यूब घालून पोटातलं हिरवं पाणी काढलं नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर भडाभडा उलटी होते. माणूस आडवा, अर्धवट शुद्धीत. उलटी सरळ श्वासनलिकेत. मग बातमी पसरते की ‘वाटेत गेला, न्यायला उशीर झाला’. उशीर झालेला नसतो, नळी घातलेली नसते. अपघातात फुप्फुसाभोवती हवा कोंडली असेल, तर छातीतून ती बाहेर काढण्याची सोयही निघण्यापूर्वीच व्हायला हवी. घाटात गाडी बाजूला घेऊन ते काम होत नाही.

लहान रुग्णालयात काय औषध असणार, हाही प्रश्न ठरलेला. तर रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड असतं. त्याच्या ‘क्रॅश-2’ या चाचणीत 40 देशांतले 20 हजारांहून अधिक जखमी होते आणि तिचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. जखमेनंतर पहिल्या 3 तासांत दिलं तर या स्वस्त औषधाने रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले. 3 तासांनंतर दिलं तेव्हा उलट वाढले. म्हणजे ‘मोठ्या दवाखान्यात गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याने कधीकधी ते औषध रुग्णाच्या हातून कायमचं घालवलेलं असतं.

या साऱ्याची शिस्त एका विमान अपघातातून आली. 1976 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या गावातल्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून ते हादरले. त्यातून 1978 मध्ये गंभीर जखमींवरच्या तातडीच्या उपचारांच्या ‘एटीएलएस’ या प्रशिक्षणाचा पहिला वर्ग भरला. आज ते भारतातही शिकवलं जातं.

मात्र हेच प्रशिक्षण डॉक्टरांचेही कान धरतं. प्लीहा फाटून पोटात रक्त साचत असेल आणि इथं शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर रक्तदाब नॉर्मल होण्याची वाट बघत बसायचं नाही. तो होणारच नाही. उपचार बदलणार नसतील अशा तपासण्यांसाठीही थांबायचं नाही. सोनोग्राफी झाली, आता सीटी करू, मग रिपोर्ट येऊ दे, हा खरा टाइमपास. श्वासमार्ग मोकळा, ऑक्सिजन, शिरेत दोन जाड सुया, बाहेरचा रक्तस्राव बंद, एवढं करून निघायचं. तोवर दुसऱ्याने पुढे फोन लावायचा.

हा फोन सर्वाधिक वेळा राहतो. सर्जन आहे का, भूलतज्ज्ञ आहे का, रक्त आहे का, आयसीयूत खाट आहे का, हे विचारल्याशिवाय निघालेली गाडी शहरात दारोदार फिरते. सोबतच्या चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी रेफर’ एवढंच लिहिलेलं असतं. जखम किती वाजता झाली, नाडी आणि रक्तदाब किती होते, कोणतं इंजेक्शन कधी दिलं, शेवटचं खाणं कधी झालं, यातलं काहीच नसतं. मग पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो.

‘पोलीस केस आहे, इथं हात लावता येत नाही’ हे अजूनही ऐकायला मिळतं, ही तर कमालच आहे. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने याच सबबीवर सुमारे 20 किलोमीटरवरच्या रुग्णालयाकडे पाठवलं आणि तो वाटेत दगावला. त्या बातमीवरून परमानंद कटारा यांनी याचिका केली. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर. अनामत रकमेचंही तेच: महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातल्या 41एए कलमाखालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून स्थिर करायचं आहे आणि गरज पडल्यास सरकारी रुग्णालयात पोचवायची सोयही करायची आहे.

अ‍ॅम्ब्युलन्स सगळ्या सारख्याच? नाहीत. महाराष्ट्रात 2014 मध्ये सुरू झालेल्या 108 सेवेच्या 937 गाड्यांपैकी प्रगत जीवरक्षक सुविधेच्या 233 होत्या. त्यामुळे फोनवर रुग्णाची अवस्था नीट सांगावी. गाडी येईपर्यंतचं आणखी एक: पोटदुखीवर वेदनाशामक दिलं तर निदान चुकतं, असं जुने डॉक्टरही सांगतात. कॉक्रेनच्या आढाव्यात तसं आढळलं नाही, तेव्हा रुग्णाला रस्ताभर कळवळत ठेवायचं कारण नाही. निघताना घोटभर चहा पाजणं ही माया नव्हे: भूल द्यायची वेळ आली की तोच चहा नडतो.

आणि यंत्रात तुटलेलं बोट थेट बर्फात टाकून आणू नये, पेशी गोठून मरतात. ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं, ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची आणि बोट रुग्णाच्याच गाडीत आहे ना, हे निघण्यापूर्वी बघायचं.