रंगात अडकलेली वाळू

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं क्लोद मोनेचं ‘त्रूव्हीलचा समुद्रकिनारा’ हे चित्र जेमतेम ३८ बाय ४६.५ सेंटिमीटरचं आहे. रंगाचा थर भिंगाखाली नीट पाहिला, तर त्यात वाळूचे कण रुतलेले दिसतात. १८७० च्या उन्हाळ्यात, वाऱ्याने वाळू उडत असताना, ओल्या रंगाला चिकटून बसलेले हे कण. चित्र निदान काही अंशी तरी किनाऱ्यावरच रंगवलं, याला याहून चांगला साक्षीदार कुठला?

चित्रात दोघीजणी आहेत. डावीकडे पांढऱ्या पोशाखातली कामीय, मोनेची बायको; उजवीकडे काळ्या कपड्यांतली स्त्री बहुधा चित्रकार बूदँची पत्नी. मध्ये रिकामी खुर्ची. कामीयच्या चेहऱ्याला नाकडोळे जवळजवळ नाहीतच. पण पोशाखावरचे पांढऱ्या रंगाचे रुंद, जाड फटकारे पाहा: कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, सगळं दिसतं. घोटून गुळगुळीत करणं मोनेला जमत नव्हतं असं नाही. इथे त्याला ते नकोच होतं.

किनाऱ्यावर बसून असं रंगवणं शक्य झालं ते बऱ्याच अंशी रंगाच्या धातूच्या ट्यूबमुळे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून मिळत; एकदा टोचली की ती धड बंद होत नसे.

त्रूव्हील मूळचं मच्छिमारांचं गाव. १८६३ साली तिथे रेल्वे पोचली आणि पॅरिसचा पैसेवाला वर्ग छत्र्या, झालरी घेऊन हवा खायला येऊ लागला. बूदँने ही गर्दी वर्षानुवर्षं रंगवली, विकली. पण ब्रिटनीतली कष्टकरी माणसं पाहून परतल्यावर १८६७ च्या एका पत्रात त्याने या नटव्या मेळ्याबद्दल उबग व्यक्त केला. पुढच्याच वर्षी मात्र या मंडळींनाही चित्रात जागा हवी, असं तो म्हणू लागला. पोटाचाही प्रश्न होताच!

मोनेची गोष्ट वेगळी. १८७० च्या जूनअखेर लग्न झालेलं, पदरी तीन वर्षांचा मुलगा, खिसा रिकामा. १९ जुलैला फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. चित्रात त्याची सावलीसुद्धा नाही. गर्दी बाजूला सारून त्याने दोघीच समोर घेतल्या, आणि त्यांतली एक या श्रीमंती थाटात बसलेली त्याची स्वतःची बायको, जिच्या घरात त्या थाटाला पैसा नव्हता.