ऑगस्टमधलं रिकामं चर्च आणि ऑक्टोबरमधली मोजणी

संशोधन प्रस्तावात ‘सहभाग’, ‘उपस्थिती’, ‘सदस्यत्व’ असे शब्द आले की बरेच विद्यार्थी त्यांची व्याख्या एका ओळीत उरकतात आणि थेट प्रश्नावलीकडे पळतात. मग पेटनंतरच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येऊन आदळतो: ‘मोजणार म्हणजे नेमकं काय मोजणार?’ आज त्यासाठी एक उदाहरण घेऊ. माझा विषय पाणथळ जागांवरचे पक्षी, त्यामुळे हे उदाहरण लांबचं वाटेल. पण मोजणीच्या सगळ्या भानगडी इतक्या उघड दिसणारं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. ते म्हणजे इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चचा उन्हाळा.

अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणि त्याच्या परंपरेतली जगभरची चर्चेस. आपल्याकडच्या इतिहासात हे लोक एका चहामुळे लक्षात राहिलेत. 1890मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी चहाला गेली आणि त्यावरून पुढे ग्रामण्य झालं, ते मिशन अँग्लिकनांचंच. ‘मंडळी’ हा शब्द इथे सहज आला, पण आपल्याला तो पुढे लागणार आहे. मराठी ख्रिस्ती लोक चर्चची इमारत आणि चर्चचे लोक यांत फरक करतात. लोकांच्या समुदायाला ते ‘मंडळी’ म्हणतात, मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द वापरला जातो, आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तर उन्हाळा. ट्रिनिटी रविवार 17 मे ते 20 जूनच्या दरम्यान कधीतरी येतो. तो झाला की अँग्लिकन वर्षातला लांबलचक हिरवा काळ सुरू होतो. वेदीवरचं वस्त्र हिरवं, पाद्र्यांचा झगा हिरवा, आणि ‘ट्रिनिटीनंतरचा अमुकावा रविवार’ अशी मोजदाद थेट शरद ऋतूपर्यंत. नाताळ नाही, ईस्टर नाही. जूनअखेर सेंट पीटरच्या सणाच्या आसपास नव्या पाद्र्यांच्या दीक्षाविधी होतात. जुलैच्या उत्तरार्धात शाळांना सुट्टी लागते आणि चर्च पातळ होत जातं. रविवारची शाळा बंद, गायकवृंद सुट्टीवर, कित्येक ठिकाणी सायंउपासनाही बंद. मोठ्या कॅथेड्रलमध्ये मात्र वेगळंच चालतं. तिथली मुलं सुट्टीवर गेली की ऑगस्टभर बाहेरगावचे गायकवृंद पाहुणे म्हणून येतात आणि रोजची सायंउपासना गाऊन जातात. ऐकायला जे लोक बसलेले असतात त्यांत बरेचसे पर्यटक.

खेड्यांत आणखी एक गोष्ट घडते. चार-पाच खेड्यांची चर्चेस एकाच व्हिकरकडे असणं आता तिथे नेहमीचं आहे. ऑगस्टमध्ये व्हिकर स्वतः सुट्टीवर, अर्धा गाव सुट्टीवर, म्हणून सगळ्यांची मिळून एकच संयुक्त उपासना ठेवतात: या रविवारी या गावात, पुढच्या रविवारी त्या गावात.

आता समजा अशा चार चर्चमध्ये एरवी प्रत्येकी 15 माणसं येतात. ऑगस्टच्या एका रविवारी एकाच चर्चमध्ये 45 जण जमले. त्या दिवशीची प्रत्येक चर्चची सरासरी उपस्थिती किती? बंद असलेली तीन चर्चेस शून्य धरली तर सव्वाअकरा. जिथे उपासना झाली तेवढंच चर्च धरलं तर 45. माणसं तीच, दिवस तोच. एका हिशोबाने चर्च ओस पडलंय आणि दुसऱ्या हिशोबाने तिप्पट भरलंय! तुमच्या एक्सेल शीटमध्ये ‘शून्य’ आणि ‘मोजणी नाही’ यांना वेगळं चिन्ह नसेल तर हा घोळ नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही.

ही झाली उपासना. सामुदायिक जीवनाची बाजू याच्या अगदी उलट असते. उपासना सर्वांत पातळ असते तेव्हाच चर्चचं अंगण सर्वांत गजबजलेलं. उन्हाळी जत्रा, म्हणजे तिथली फेट: घरगुती केकचे टेबल, जुनी पुस्तकं, सोडतीची तिकिटं, मोठ्या बंबातला चहा, छतदुरुस्तीसाठी ठेवलेला डबा. एरवी चर्चची पायरी न चढणारा माणूसही तिथे तंबू ठोकायला येतो. पण जत्रा शनिवारी असते आणि ती उपासना नाही. त्यामुळे उपस्थितीच्या आकड्यात तिचं योगदान शून्य.

यापेक्षाही पेचदार उदाहरण उत्तर इंग्लंडमधल्या ग्रासमिअरचं आहे. लेक डिस्ट्रिक्टमधलं हे छोटं गाव. कवी वर्ड्‌स्वर्थची कबर इथल्याच सेंट ऑसवल्ड चर्चच्या आवारात आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पर्यटकांची रीघ. या चर्चची जमीन पूर्वी मातीची होती. ओल आणि थंडी अडवायला तिच्यावर लव्हाळे पसरायचे आणि दर उन्हाळ्यात जुने काढून नवे आणायचे. एकोणिसाव्या शतकात फरशी बसली, लव्हाळ्याची गरज संपली, पण मिरवणूक राहिली. आजही उन्हाळ्यात मुलं लव्हाळ्याच्या आणि फुलांच्या आकृत्या घेऊन गावातून वाजतगाजत चर्चमध्ये जातात, उपासना होते, आणि मुलांना आल्याचा केक मिळतो. हे उपासनेत धरायचं की जत्रेत? आलेल्यांत गावकरी कोण आणि पाहुणा कोण? मला विचाराल तर ही मिरवणूक म्हणजेच त्या गावातलं चर्च आहे, तिला बाजूला ठेवून काढलेली सरासरी अर्धवट आहे. पण हे माझं मत झालं. संशोधनात त्याला आधी व्याख्येचं रूप द्यावं लागेल.

मोजणारे प्रत्यक्षात काय करतात ते बघू. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमानुसार प्रत्येक चर्चमध्ये उपासनांचं एक नोंदवहीपुस्तक ठेवावं लागतं. त्यात प्रत्येक उपासना, ती चालवणाऱ्याचं नाव, प्रवचनकाराचं नाव, प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या आणि दानाची रक्कम लिहायची. वाटल्यास विशेष घटनांची टीप. नीट वाचा: नियमात मागितलेली संख्या प्रभुभोजन घेणाऱ्यांची आहे, हजर असलेल्यांची नाही. सायंउपासनेत प्रभुभोजन नसतं. म्हणजे ऑगस्टमध्ये कॅथेड्रलात पाहुण्या गायकवृंदाला ऐकत बसलेले दोनशे लोक या रकान्यात उतरतच नाहीत. प्रभुभोजन न घेणारी लहान मुलंही नाहीत. पुष्कळ ठिकाणी एकूण डोकी वेगळी लिहितात, पण जुन्या वह्यांवर काम करायला बसलात तर आधी रकान्याचा मथळा वाचा, आकडे नंतर.

वार्षिक आकडेवारीसाठी 2000 सालापासून मुख्य मोजणी ऑक्टोबरमधल्या चार आठवड्यांत होते. उन्हाळ्याची सुट्टी संपलेली, नाताळ लांब, म्हणजे आठवडे त्यातल्या त्यात ‘नेहमीचे’. याशिवाय ‘नेहमीची रविवार-उपस्थिती’ असं एक जुनं माप आहे, सणावाराचे रविवार वगळून काढलेलं. नाताळ आणि ईस्टरची मोजणी वेगळी. ऑगस्टसाठी मात्र असा वेगळा रकाना नाही.

ऑक्टोबर निवडणं चूक आहे का? नाही. प्रश्न ‘गेल्या वीस वर्षांत उपस्थिती वाढली की घटली’ असा असेल, तर दरवर्षी त्याच महिन्यात मोजणं हेच शहाणपणाचं. हंगामी चढउतार आपोआप बाजूला पडतो. आपल्याकडे पाणपक्ष्यांची आशियाई गणना दरवर्षी जानेवारीत होते, तीही याच कारणाने. पण उजनीवर जानेवारीत मोजलेल्या पक्ष्यांवरून जुलैत तिथे कोण घरटी करतं हे सांगायला कुणी बसलं तर गाईड त्याला बाहेर काढतील. ऑक्टोबरच्या आकड्यावरून ‘या गावाला चर्च किती लागतं’ हे सांगणं साधारण तसंच आहे.

दुसरी खोच वारंवारतेची. समजा एका चर्चची 60 माणसं दर रविवारी यायची. आता तीच 60 माणसं एकाआड एक रविवारी येतात, कधी नातवंडांकडे, कधी मुलांच्या फुटबॉलला. सरासरी उपस्थिती 30 झाली. ‘निम्मे लोक सोडून गेले’ असं लिहिणार का? सोडून एकही गेलेला नाही. पक्ष्यांच्या अभ्यासात याला दृश्यतेचा प्रश्न म्हणतात: दिसला नाही म्हणजे नव्हता, असं नसतं. चर्च ऑफ इंग्लंडने 2012पासून यावर उपाय म्हणून ‘उपासक समुदाय’ असं नवं माप आणलं. साधारण महिन्यातून एकदा तरी येणारे, शिवाय आजारपण, अशक्तपणा किंवा तात्पुरती अनुपस्थिती नसती तर आले असते असेही लोक त्यात धरतात. म्हणजे इमारतीऐवजी मंडळी मोजायचा प्रयत्न. 2023मध्ये हा आकडा 10 लाखांच्या किंचित वर होता, आणि त्याच वर्षीची ऑक्टोबरमधली साप्ताहिक सरासरी सात लाखांच्या आत. दोन्ही खरे आहेत. पण ‘आले असते’ हे कोण ठरवणार? फॉर्म भरणारा माणूस, अंदाजाने. इथे वैधता वाढली आणि विश्वासार्हता थोडी घसरली. असा सौदा तुमच्याही प्रस्तावात कुठेतरी लपलेला असेल, तो शोधून ठेवा, परीक्षक शोधायच्या आत.

सदस्ययादीची गंमत तर वर्गात सांगण्यासारखी आहे. प्रत्येक पॅरिशची एक यादी असते आणि दर सहा वर्षांनी ती कोरी करून सगळ्यांची नावं नव्याने घेतात: 2013, 2019, 2025. मधल्या वर्षांत गाव सोडून गेलेल्यांची नावं कित्येकदा तशीच राहतात. कोऱ्या यादीच्या वर्षी संख्या धाडकन खाली येते. आलेख काढला तर दर सहा वर्षांनी एक कडा दिसतो आणि तो श्रद्धेचा नसून वहीचा असतो.

दुहेरी मोजणीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही याच विषयातलं. 30 मार्च 1851च्या रविवारी इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळ्या पंथांची उपासना-गणना झाली. सकाळी 46,47,482, दुपारी 31,84,135 आणि संध्याकाळी 30,64,449 उपस्थिती. एकाच माणसाने दोनदा-तीनदा हजेरी लावली असणार हे उघड. अहवाल लिहिणाऱ्या होरेस मान यांनी ठरवलं: सकाळचे सगळे धरायचे, दुपारच्यांतले निम्मे नवे, संध्याकाळचे एकतृतीयांश नवे. बेरीज आली 72,61,032. शेवटच्या दोनापर्यंतचा हा नेमका आकडा एका अंदाजावर उभा आहे. ज्या पंथांची मोठी उपासना संध्याकाळी असायची त्यांना हे सूत्र सरळ तोट्यात टाकणारं होतं आणि त्यावरून वादही झाले. भरीला तो रविवार मदरिंग संडे होता, बरेच लोक आईवडिलांच्या गावी गेलेले.

हे सगळं केवळ पद्धतिशास्त्राचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे 16,000 चर्च-इमारती आहेत, त्यांतल्या बहुतेक जुन्या आणि संरक्षित. अनेक डायोसीसमध्ये पॅरिशने वर्षाला किती रक्कम भरायची हे ठरवताना उपस्थिती किंवा सदस्यसंख्या धरतात. व्हिकर पूर्णवेळ द्यायचा की सहा गावांत वाटायचा, या चर्चेतही हेच आकडे टेबलावर येतात. बारा-पंधरा म्हाताऱ्या माणसांच्या चर्चमध्ये ऑक्टोबरच्या चार आठवड्यांत दोघं-तिघं फ्लूने घरी राहिले तरी सरासरी पाचव्या हिश्श्याने उतरते. त्याच चर्चच्या उन्हाळी जत्रेला जमलेलं अख्खं गाव मात्र कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही.

समजा हाच विषय घेऊन तुम्हाला छोटा प्रकल्प करायचाय. मी असा केला असता: एकाच व्हिकरकडची चार-पाच चर्चेस, एक पूर्ण वर्ष, दर आठवड्याची मोजणी, आणि तीन वेगळे रकाने. उपासनेला हजर किती, त्यांतले त्या गावचे किती, आणि चर्चच्या आवारात उपासनेशिवाय आलेले किती. ‘उपासना नव्हती’ यासाठी वेगळं चिन्ह, शून्य अजिबात नाही. सोबत जुन्या नोंदवह्यांमधला टीपांचा रकाना नीट उतरवून घेतला असता. तो भरायची सक्ती नसते, पण त्या रविवारी संख्या का घसरली याचं कारण कुणी लिहून ठेवलंच असेल, तर ते तिथेच सापडेल.