शेततळ्यातील डिसेंबरचे पाणी : फरदडीला की हरभऱ्याला?

विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात डिसेंबरमध्ये शिवारफेरी करताना एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "साहेब, पऱ्हाटी अजून हिरवी आहे आणि तळ्यात पाणीही आहे. एक ओलीत देऊन फरदड घेऊ का?" वरकरणी हा प्रश्न पाण्याचा आहे. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यात पुढील हंगामातील गुलाबी बोंडअळीचा प्रश्न दिसतो. म्हणून शेततळ्यातील पाण्याचे नियोजन आणि कीड व्यवस्थापन यांचा विचार एकत्रितपणे करणे आवश्यक आहे.

तळ्यात पाणी किती?

प्रथम हिशेब पाहू. 30 × 30 × 3 मीटर आकाराच्या आणि 1:1 उताराच्या शेततळ्यात सुमारे 2,196 घनमीटर पाणी मावते. तळे निम्म्या खोलीपर्यंत भरलेले असेल, तर बाजू उतरत्या असल्याने पाणी निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे 975 घनमीटरच उरते. एक हेक्टरवर 5 सेंटिमीटर पाणी देण्यास 500 घनमीटर लागतात. बाष्पीभवन दिवसाला 5 मिलिमीटर धरले, तर भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे साडेचार हजार लिटर पाणी उडून जाते. अस्तर नसल्यास पाझर वेगळाच. थोडक्यात, डिसेंबरमध्ये निम्मे दिसणारे तळे दीड ते पावणेदोन हेक्टरला एकदाच पुरते. पाणी एकाच पिकाला मिळणार असेल, तर ते कोणते, हे आधीच ठरलेले असावे.

फरदडीचे खरे मोल

फरदडीमुळे हाती चार पैसे येतात, हे नाकारता येणार नाही. अल्पभूधारकाच्या घरात जानेवारीत येणाऱ्या कापसाच्या पैशाला महत्त्व असते. परंतु त्याची किंमत नंतर मोजावी लागते. गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते. हंगामाच्या शेवटी तिच्या अनेक अळ्या बोंडांत, सरकीत आणि पीक अवशेषांत सुप्तावस्थेत जातात व पुढील पावसाळ्याच्या सुमारास त्यांचे पतंग बाहेर पडतात. डिसेंबरनंतर ओलीत दिल्याने नवी पाती, फुले व बोंडे लागतात, किडीला आणखी पिढ्या पूर्ण करण्याची संधी मिळते आणि सुप्त अळ्यांचा साठा वाढतो. या अळीमध्ये बीटी प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली असल्याने केवळ बियाण्यावर विसंबता येत नाही. 2017 च्या हंगामातील नुकसान महाराष्ट्रातील कापूस उत्पादक विसरलेले नाहीत. शेत पाच ते सहा महिने कपाशीविना ठेवणे हाच या किडीची साखळी तोडण्याचा स्वस्त उपाय होय. शिवाय पतंग बांध ओळखत नाहीत. एकाने राखलेली फरदड शेजाऱ्यालाही भोवते.

हेच पाणी हरभऱ्याला

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरलेला कोरडवाहू हरभरा साधारणपणे डिसेंबरमध्येच फुलोऱ्यावर येतो. एकच पाणी उपलब्ध असल्यास ते फुलोरा सुरू होताना द्यावे. भारी जमिनीत मोठ्या भेगा पडण्याची वाट पाहू नये. शक्य तेथे तुषार संचाने हलके पाणी द्यावे. अतिरिक्त पाण्याने पीक नुसतेच माजते व घाटे कमी लागतात. दाटलेल्या पिकात घाटेअळी शोधणेही कठीण जाते. म्हणून पाणी दिल्यानंतर कामगंध सापळे व पक्षिथांबे यांकडे दुर्लक्ष करू नये.

नियोजन सप्टेंबरमध्येच

हा निर्णय डिसेंबरमध्ये घेणे म्हणजे उशीर करणे होय, कारण तोवर हरभऱ्याच्या पेरणीची योग्य वेळ निघून गेलेली असते. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा :

• तळ्याच्या कडेला खोलीच्या खुणा कराव्यात आणि दर पंधरवड्याला नोंद ठेवावी.
• पावसाचा मोठा खंड पडल्यास पहिले पाणी खरीप पिकाच्या संवेदनशील अवस्थेला द्यावे. उदाहरणार्थ, कपाशीत पाते व फुले लागताना, सोयाबीनमध्ये शेंगा भरताना.
• उरलेल्या पाण्याइतक्याच क्षेत्रावर, सोयाबीन, मूग किंवा उडीद निघालेल्या रानात, वेळेवर हरभरा पेरावा.
• कमी कालावधीचे कपाशी वाण निवडावे, शेवटची वेचणी डिसेंबरअखेर आटोपावी आणि पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावावी. ती बांधावर रचून ठेवू नये.
• विहीर किंवा कूपनलिकेचे पाणी उपसून तळे भरू नये. भूगर्भातील पाणी उघड्यावर आणून उन्हाला देण्यासारखे ते आहे.

यातील चौथी बाब एकट्याने पाळून भागत नाही. गावाने ग्रामसभेत किंवा शेतकरी गटात कपाशी काढण्याची एक तारीख ठरवली, तरच तिचा उपयोग होतो. एखाद्या शेतकऱ्याकडे हरभरा नसेल आणि तळ्यात पाणी उरले असेल, तर ते भाजीपाल्याच्या चार वाफ्यांना किंवा जनावरांच्या चाऱ्याला द्यावे. तेवढ्याने घरखर्चाला हातभार लागतो. डिसेंबरनंतर कपाशीला मात्र ते देऊ नये. आज वाचवलेले हे एक ओलीत पुढील हंगामातील फवारणीचा खर्चही वाचवू शकते.