वृद्ध पाळीव मांजराची अखेरची शुश्रूषा

वृद्ध किंवा बऱ्या न होणाऱ्या आजाराने ग्रस्त पाळीव मांजराच्या आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्याच्या वेदना कमी करणे, त्याचे खाणेपिणे व स्वच्छता सांभाळणे आणि आवश्यकता भासल्यास पशुवैद्याच्या साहाय्याने दयामरणाचा निर्णय घेणे, या सर्वांस मिळून अखेरची शुश्रूषा असे म्हणतात. रोग बरा करणे हा या शुश्रूषेचा हेतू नसतो. उरलेले दिवस, आठवडे किंवा महिने मांजराला सुसह्य जावेत एवढाच तिचा उद्देश असतो. मानवी वैद्यकातील उपशामक उपचारांची अनेक तत्त्वे तिच्यात वापरली जातात. मात्र येथे रुग्णाला स्वतःचे दुःख सांगता येत नाही आणि त्याच्या वतीने सर्व निर्णय सांभाळणाऱ्यालाच घ्यावे लागतात.

वार्धक्य

घरात राहणारे, नियमित लसीकरण झालेले मांजर साधारणपणे १२ ते १८ वर्षे जगते. काही मांजरे विशी ओलांडतात. गिनेस विक्रमांच्या नोंदीनुसार सर्वाधिक जगलेले मांजर अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथील 'क्रीम पफ' हे होय. ते १९६७ मध्ये जन्मले व २००५ मध्ये वयाची ३८ वर्षे पूर्ण करून मरण पावले. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संस्थांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत १० वर्षांपुढील मांजर वृद्ध मानले आहे. त्याच मार्गदर्शिकेत 'आयुष्याची अखेर' ही एक स्वतंत्र अवस्था धरली असून ती कोणत्याही वयात येऊ शकते असे म्हटले आहे.

वार्धक्य हा स्वतः आजार नव्हे. वजन घटणे, पाणी जास्त पिणे, उड्या मारणे सोडून देणे ही लक्षणे 'आता वय झाले' म्हणून सोडून दिली जातात आणि उपचार होण्याजोगा आजार त्यामुळे पुष्कळदा हातचा निसटतो.

अखेरीस नेणारे आजार

वृद्ध मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक म्हणजे मूत्रपिंडांचा जीर्ण विकार. मूत्रपिंडांची सुमारे दोन-तृतीयांश कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. त्यानंतर मांजर वारंवार पाणी पिते, लघवीचे प्रमाण वाढते, अंगावरचे मांस उतरते, तोंडाला दुर्गंधी येते, बद्धकोष्ठ व उलट्या सुरू होतात. रक्तातील क्रिएटिनीनच्या प्रमाणावरून या विकाराचे चार टप्पे पाडले जातात. हे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास तो चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा समजतात. गेलेले मूत्रपिंड परत येत नाही, परंतु कमी फॉस्फरसचा आहार, उलटी थांबवणारी औषधे आणि त्वचेखाली दिले जाणारे सलाईन यांवर अनेक मांजरे महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे बऱ्यापैकी जगतात. त्वचेखालचे सलाईन घरीही देता येते. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून सुई घातली जाते. आत गेलेल्या पाण्याचा फुगवटा पुढच्या पायाकडे ओघळतो आणि काही तासांत जिरून जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्यास तो भीतिदायक वाटतो, पण त्यात वावगे काही नसते. किती व कितीदा द्यायचे हे पशुवैद्यच ठरवतो. हृदयविकार असलेल्या मांजराला असे पाणी घातक ठरू शकते.

अवटू ग्रंथीचा अतिस्राव हा विकार मांजरांमध्ये प्रथम १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथे वर्णिला गेला. यात मांजर अधाशासारखे खाते आणि तरीही वाळत जाते. उच्च रक्तदाबाने एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते. मधुमेह, कर्करोग व हिरड्यांचे विकार हेही याच वयातले. हृदयविकारात रक्ताची गुठळी मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकली, तर मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे व थंडगार पडतात आणि ते मोठ्याने ओरडू लागते. ही अत्यंत वेदनादायक स्थिती असून सकाळची वाट न पाहता मांजराला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे लागते.

वेदना ओळखणे

मांजर स्वतः शिकारी असले तरी मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे. त्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच असते. ते कण्हत नाही, लंगडतही क्वचितच. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली असता त्यांतील ९० मांजरांमध्ये सांधे झिजल्याच्या खुणा आढळल्या. यांतील बहुतेकांच्या घरी त्याची कल्पनाही नव्हती, कारण सांधेदुखी लंगडण्यातून नव्हे तर सवयी सुटण्यातून व्यक्त होते. कपाटावर चढणारे मांजर खुर्चीपर्यंतच चढते. पाठीवरची व शेपटीच्या मुळाची लव चाटली न गेल्याने तिच्या जटा होतात. लिटर ट्रेच्या काठावरून पाय उचलणे जड जाते आणि ते ट्रेच्या बाजूलाच लघवी करते. या शेवटच्या गोष्टीबद्दल घरोघरी मांजरांना मार बसतो, हे या विषयातील एक दुःखद सत्य आहे.

मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात विकसित झाली व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कानांची ठेवण, डोळ्यांचे मिटलेपण, मुस्कटाचा ताठरपणा, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टी पाहून प्रत्येकीस शून्य ते दोन गुण देतात. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाल्यास वेदनाशामक देण्याचा विचार करावा असे ही पद्धत सुचवते. ती मुळात अचानक उद्भवणाऱ्या वेदनेसाठी आहे. जुनाट दुखण्यासाठी घरच्या माणसांचे रोजचे निरीक्षणच अधिक उपयोगी पडते.

मांजर गुरगुरते आहे, म्हणजे ते सुखात आहे, हा समज नेहमी खरा नसतो. जखमी, प्रसववेदनेतील व मरणासन्न मांजरेही गुरगुरतात.

घरातील व्यवस्था

मांजराचे जग या काळात लहान करत आणावे लागते. पाणी, अन्न, बिछाना व लिटर ट्रे एकाच खोलीत, एकाच पातळीवर ठेवल्यास त्याची धावपळ वाचते. ट्रेचा एक काठ कापून खाली आणला की आत जाणे सोपे होते. कृश मांजराला थंडी लवकर वाजते. गोधडीखाली कोमट पाण्याची पिशवी पुरते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, त्यासाठी जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. दृष्टी गेलेल्या मांजराच्या घरात सामानाची जागा बदलू नये.

वास गेल्याने मांजराची भूक मरते. अन्न किंचित कोमट केल्यास त्याचा वास वाढतो. उकडलेल्या कोंबडीचे किंवा मासळीचे पाणी बहुतेक मांजरे चाटतात, परंतु त्यात कांदा, लसूण, मीठ वा मसाला असता कामा नये. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मांजराने काही दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून नवाच प्राणघातक आजार उद्भवू शकतो. म्हणून मांजराचा उपवास हा कुत्र्याच्या उपवासापेक्षा अधिक गंभीर मानला जातो. मात्र शेवटच्या काही दिवसांत तोंड उघडून बळेच भरवणे टाळावे. त्याने अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि मांजर भरवणाऱ्यालाच घाबरू लागते.

माणसांची वेदनाशामक औषधे मांजराला देऊ नयेत. ताप व अंगदुखीसाठी घरोघरी असणारे पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे, कारण ते शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात अत्यंत क्षीण असते. एका गोळीनेही हिरड्या तपकिरी पडून, श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. मांजरासाठी वापरता येणारी वेदनाशामके पशुवैद्याकडे असतात व त्यांची मात्रा वजनावरून ठरते.

निर्णयाचा प्रश्न

अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये जीवनमान मोजण्यासाठी एक मापनश्रेणी सुचवली. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि 'वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का' या सात बाबींस प्रत्येकी शून्य ते दहा गुण दिले जातात. एकूण गुण ३५ च्या वर असतील तर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य समजतात. आकड्यांनी निर्णय होत नाही, परंतु रोज सोबत असणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, आणि लिहून ठेवलेले गुण ती दाखवतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चांगल्या दिवसावर एक खूण व वाईट दिवसावर दुसरी, एवढी साधी नोंदही पुरेशी असते. त्या मांजराला विशेष प्रिय असलेल्या तीन-चार गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात: खिडकीतले ऊन, दार वाजताच पुढे येणे, मासळी चिरताना पायात घुटमळणे. त्या एकेक करून सुटत गेल्या की परिस्थिती आपोआप स्पष्ट होते.

'झोपेतच शांतपणे जाईल' ही आशा स्वाभाविक असली, तरी मूत्रपिंड निकामी होऊन येणारा मृत्यू सहसा तसा नसतो. मळमळ, तोंडातील व्रण, अशक्तपणा आणि काही वेळा झटके असा तो कित्येक दिवस चालतो. नैसर्गिक मृत्यूची वाट पाहण्याचा मार्ग निवडणाऱ्यांनी वेदनाशामके व उलटीवरची औषधे बंद करू नयेत, कारण उपचार न करणे आणि शुश्रूषा न करणे यांत फरक आहे. मरणासन्न मांजर आडोसा शोधते. 'मांजर मरायला घराबाहेर निघून जाते' हा लोकसमज यातूनच आला असावा. अशा मांजराला बाहेर सोडू नये. पलंगाखाली वा कपाटात त्याला आडोसा करून द्यावा.

दयामरण

दयामरणात पशुवैद्य प्रथम गुंगीचे इंजेक्शन देतो आणि मांजर गाढ झोपल्यावर भूल देणाऱ्या औषधाची, बहुधा पेंटोबार्बिटालची, मोठी मात्रा शिरेतून देतो. मेंदूचे कार्य, श्वास व हृदय या क्रमाने काही मिनिटांत थांबतात. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, स्नायू थरथरतात, क्वचित एखादा खोल श्वास येतो. हे मृत्यूनंतरचे शारीरिक परिणाम असून वेदनेची लक्षणे नव्हेत. ही माहिती आधी दिलेली नसल्यास जवळ बसलेल्यांच्या मनात ते दृश्य वर्षानुवर्षे राहते.

भारतात पशुक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत याची काळजी घेणे हे सांभाळणाऱ्याचे कर्तव्य आहे. जगवणे हीच क्रूरता ठरेल अशा स्थितीतील प्राण्याचा अंत करण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. निर्दय पद्धतीने मारणे आणि उपासमार होईल अशा ठिकाणी प्राण्याला सोडून देणे हे कलम ११ नुसार गुन्हे आहेत. आजारी मांजराला पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून येण्याची जुनी रीत या कलमाच्या कक्षेत येते. तेथे मासळी असते हे खरे, पण दात पडलेले म्हातारे मांजर तेथल्या मांजरांपुढे व कुत्र्यांपुढे टिकत नाही.

भारतात या प्रश्नाला धार्मिक बाजूही आहे. मांजर मारणे हे मोठे पाप समजले जाते आणि जैन परंपरेतील पांजरपोळ संस्था प्राण्याला शेवटपर्यंत सांभाळण्याच्या तत्त्वावर उभ्या आहेत. या संदर्भात १९२८ मध्ये साबरमती आश्रमात घडलेली घटना महत्त्वाची ठरते. असह्य वेदनेत तळमळणाऱ्या व उपचारापलीकडे गेलेल्या एका वासराला महात्मा गांधींनी स्वतःच्या उपस्थितीत इंजेक्शन देऊन मारवले. त्यावर देशभर तीव्र टीका झाली. दुसऱ्याचे दुःख संपवण्यासाठी, स्वतःच्या सोयीचा विचार मनात न आणता केलेली अशी कृती हिंसा नव्हे, अशी गांधींची भूमिका होती. खर्च, जागरण किंवा किळस यांपासून सुटका हा हेतू आहे की मांजराची सुटका, हा प्रश्न आजही त्याच कसोटीवर तपासला जातो. बहुतेक घरांत दोन्ही हेतू थोडेथोडे मिसळलेले असतात आणि त्यामुळेच अपराधी भावना इतकी टिकते.

देहाची व्यवस्था

मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते, म्हणून त्याआधीच मांजराला निजल्यासारखे वळवून कापडात गुंडाळतात. पुरायचे झाल्यास विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा घ्यावा लागतो. पेंटोबार्बिटाल देहात दीर्घकाळ टिकते व तो देह खाणारे पक्षी-प्राणी विषबाधेने मरू शकतात. त्यामुळे असा देह उघड्यावर किंवा कचऱ्यात टाकणे धोकादायक आहे. मोठ्या शहरांत पुरण्यास जागा नसते. मुंबईत महानगरपालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी वायूवर चालणारी दहनवाहिनी सुरू केली.

मांजराला विधिपूर्वक पुरण्याची प्रथा प्राचीन आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. प्राचीन इजिप्तमध्ये घरातील मांजर मेल्यास घरातील माणसे भुवया भादरत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नोंदवले आहे.

शोक

पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख अनेकदा बोलून दाखवता येत नाही. समाजाने मान्यता न दिलेल्या अशा दुःखासाठी अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये स्वतंत्र संज्ञा रूढ केली. मराठी कुटुंबांत माणसाच्या मृत्यूनंतर सुतक, दहावा, तेरावा असे दिवस ठरलेले असतात, लोक भेटायला येतात, शेजारून जेवणाचा डबा येतो. मांजर गेल्यावर यांतले काहीच होत नाही आणि दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते. 'दुसरे आणा' हा सल्ला सद्‌भावनेने दिला जात असला तरी तो बहुधा बोचतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत मांजराबरोबर दिवसाचे वेळापत्रकच जाते, त्यामुळे त्यांच्या जेवणाखाण्याकडे व झोपेकडे काही आठवडे लक्ष ठेवणे हितावह असते. मुलांना 'मांजर झोपले' किंवा 'गावाला गेले' असे सांगू नये. लहान मुले ते अक्षरशः घेतात आणि झोपेचीच भीती बाळगतात, किंवा मांजर परत येईल म्हणून दाराशी वाट पाहत राहतात.

घरात दुसरे मांजर असल्यास तेही काही दिवस ओरडत फिरते, कमी खाते, गेलेल्या मांजराच्या जागी जाऊन हुंगते. त्याच्या जेवणाच्या वेळा पूर्वीप्रमाणेच ठेवाव्यात आणि जुना बिछाना लगेच धुऊन टाकू नये.