अक्षरांनाही आवाज असतो

मोहल्ल्यातील एका बुजुर्गांच्या इंतकालाची सूचना छापायची होती. घाईत आम्ही संगणकावर मुलांच्या चित्रकला स्पर्धेची जुनी फाईल उघडली, मजकूर बदलला आणि कागद फलकावर लावला. संध्याकाळी मरहूमांची मुलगी हळूच म्हणाली, "भाई, हे वाढदिवसाच्या कार्डासारखं दिसतंय." मजकुरात एकही चूक नव्हती. चूक होती त्या गोलमटोल, हसऱ्या अक्षरांची. आम्ही शरमलो. सूचना साध्या अक्षरांत पुन्हा छापली.

हाताने सहज काढल्यासारख्या अशा अक्षरांत जगभर गाजलेला फॉन्ट म्हणजे 'कॉमिक सॅन्स'. १९९४ साली मायक्रोसॉफ्टमधील व्हिन्सेंट कोनेर यांनी एका नव्या प्रोग्रॅममध्ये कार्टूनमधला कुत्रा बोलताना पाहिला. त्याचे बोलणे मात्र वर्तमानपत्री थाटाच्या 'टाइम्स न्यू रोमन'मध्ये होते. कोनेर यांना ते खटकले. कॉमिक्सची पुस्तके समोर ठेवून त्यांनी नवी अक्षरे काढली: टोके गोल, जाडी जवळपास सारखी, उभ्या रेषा जराशा वाकड्या. त्या प्रोग्रॅमसाठी फॉन्ट वेळेत बसला नाही. पण पुढे विंडोजबरोबर तो घरोघरी पोचला.

मग लोकांनी तो दुकानांच्या पाट्यांपासून गंभीर सूचनांपर्यंत सगळीकडे वापरला. काही डिझायनरांनी त्यावर बंदी आणण्याची मोहीमच काढली. २०१२ मध्ये सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉनच्या शोधाची माहिती या अक्षरांत दाखवली गेली, तेव्हा शोधाइतकीच फॉन्टचीही चर्चा झाली. दुसरीकडे ब्रिटनमधील डिस्लेक्सिया असोसिएशन वाचनात अडखळणाऱ्यांसाठी सुचवते त्या फॉन्टमध्ये एरियलसोबत कॉमिक सॅन्सही आहे. त्यातला इंग्रजी 'ए' मुले वहीत काढतात तसाच आहे. म्हणजे ज्याची थट्टा झाली, तोच कुणाच्या तरी मदतीलाही येतो.

आपल्या लिपीतही अशी अक्षरे आहेत. 'कलम' हा फॉन्ट पेनाने भराभर लिहिल्यासारखा तिरका दिसतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'बालू' जाडसर आणि मऊ आहे. त्याचा उर्दूसाठीचा भाऊही आहे, नाव 'बालू भाईजान'! मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्या घरांना एकाच कार्डावर दोन्ही लिपी एका वळणाच्या मिळतात. हे फॉन्ट मोफत मिळतात.

मुलांच्या गोष्टी, शाळेचा भित्तिफलक, अकीक्याचे निमंत्रण, लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी इथे ही अक्षरे शोभतात. शोकसूचना, अर्ज, औषधाच्या सूचना, लांबलचक मजकूर यांसाठी साधी, सरळ अक्षरे बरी.

आता आम्ही कागद छापण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे समोरासमोर सांगायचे असते तर आपण हसत सांगितले असते का? उत्तर 'नाही' आले, तर अक्षरांनाही हसू देत नाही.